गायीचा मागचा डावा पाय

आंबागडच्या शाळेतल्या शेंडे बाईंचं नाव आधी लिहितो. कारण या हकिकतीत मी जे वाक्य बोलायला हवं होतं, ते मुळात त्यांचं आहे.

मी सहावीत होतो. तपासणीला आलेल्या साहेबांनी फळ्यावर एक गणित घातलं. मी उभा राहून म्हणालो, "मले येते जी. बारा." साहेब हसले. साहेब हसले म्हणून वर्ग हसला. "मले नाही, मला म्हण," असं साहेब समजावू लागले तेव्हा शेंडे बाई मधेच म्हणाल्या, "ते मी पाहीन, साहेब. उत्तर बरोबर आहे का, ते सांगा."

उत्तर बरोबर होतं. आमच्या घरात तोवर कुणी दहावी पाहिली नव्हती. मी पुढे पशुवैद्यक झालो आणि सरकारी दवाखान्यात लागलो. माझी सुरुवात मी त्या दिवसापासून धरतो.

त्या वाक्याची गरज पडली ती लाखनीजवळ, हायवेवरच्या एका इंग्लिश मीडियम शाळेच्या ऑफिसात. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा होऊन बरीच वर्षं झाली होती, पण शाळेच्या पाटीवर अजून 'भंडारा-गोंदिया जिल्ह्यांत प्रथम' असंच होतं. प्रथम कशात, ते लिहिलेलं नव्हतं. संस्थेच्या अध्यक्षांनी मला त्यांची लंगडणारी गाय पाहायला बोलावलं होतं. गाय राहिली बाजूला, मला त्यांनी आपल्या शेजारी खुर्ची दिली. समोर नोकरीच्या मुलाखतीला आलेली नोरा बसली होती. तिचं इंग्लिश आपल्याला कळलं नाही तर जवळ कुणी असावं, हे खरं कारण होतं. ते त्यांनी सांगितलं नाही. मला दहा मिनिटांत कळलं.

नोरा आयर्लंडची, वय सत्तावीस. तिचा नवरा इथल्याच एका गावचा. तो तिकडे हॉटेलच्या किचनमध्ये कामाला होता. लग्न तिकडेच झालं. वडील गेल्यावर धानाची शेती पाहायला तो परतला, आणि ती देश सोडून त्याच्यामागे आली. दोन वर्षांनी नवऱ्याच्या नात्यानं तिचं ओसीआय कार्ड आलं, म्हणजे तिला इथं काम करायची मोकळीक मिळाली. काम कोणतं करायचं, हा प्रश्न होता. तिकडून काकाचा निरोप होता की मी थकलो, येऊन माझा धंदा सांभाळ. महिनाअखेर कळव, नाहीतर गाडी आणि अवजारं विकून टाकतो. इथं ही शाळा होती. तिसरं काही तिच्या मनात होतं, ते अजून कुणी विचारलं नव्हतं.

काकाचा धंदा गायींची खुरं कापायचा. नोरा त्यात सहा वर्षं होती. आपल्या लोकांना हे ऐकून हसू येतं, म्हणून सांगतो. गायीचं खूर आपल्या नखासारखं वाढतं. फिरणाऱ्या गायीचं झिजतं. गोठ्यात बांधून ठेवलेल्या संकरित गायीचं वेडंवाकडं वाढतं, सगळा भार एका बाजूला येतो आणि तळव्याला आतून जखम होते. गाय लंगडते, खाणं सोडते, दूध तोडते. तिकडे वर्षातून दोनदा माणूस बोलावून खुरं नीट करून घेतात. आपल्याकडे गाय लंगडली की सुई देतात.

आधी डेमो लेक्चर झालं. नोरानं पाचवीच्या वर्गात तीन गायींची गोष्ट सांगितली. आयरिश लोक थ्रीला ट्री म्हणतात. अर्ध्या वर्गानं वहीत झाड काढलं. एक मुलगी उभी राहून म्हणाली, "मॅडम, गाय झाडावर हाय का खाली?" नोरा इतकी हसली की वर्गही हसायला लागला. मग तिनं खडूनं झाड काढलं, त्याखाली तीन गायी काढल्या आणि मराठीतच सांगितलं, "हे झाड. ह्या तीन. आता पाहा, कोणती लंगडून राहिली?" पोरं बाकावर उभी राहून बोट दाखवत होती. माझ्या मते इतका चांगला तास त्या इमारतीत कधी झाला नसेल.

अध्यक्षांचं मत वेगळं पडलं. ऑफिसात येऊन ते मला म्हणाले, "डॉक्टर, हिची इंग्लिश वीक आहे."

"साहेब, ती तिकडचीच आहे."

"असेल. थर्टी-थ्री म्हणता येत नाही. टर्टी-ट्री म्हणते. आमच्या स्पोकन इंग्लिशच्या सरांनी स्वतः ऐकलं. आणि मराठी तर पाहा, लंगडतेय म्हणायचं सोडून लंगडून राहिली म्हणते. सासूकडून शिकली वाटते. म्हणजे दोन्ही भाषा अशुद्ध."

स्पोकन इंग्लिशच्या सरांनी मान हलवली. हे गृहस्थ 'डाउट' या शब्दातला बी मोठ्यानं उच्चारत असत.

इथं मी बाईंचं वाक्य बोलायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण अध्यक्षांची जिल्हा परिषदेत उठबस होती आणि माझ्या बदलीची फाइल तिथंच पडली होती. मी पाणी प्यायलो.

मग अध्यक्षांनी ऑफर सांगितली. पगार चांगला. पद 'इंटरनॅशनल को-ऑर्डिनेटर'. ऍडमिशनच्या दिवसांत समोरच्या हॉलमध्ये बसायचं, गॅदरिंगला स्टेजवर बसायचं, फ्लेक्सवर फोटो द्यायचा. वर्गावर जायचं नाही. पालकांशी बोलायचं नाही, फक्त गुड मॉर्निंग. उच्चार सुधारायला स्पोकन इंग्लिशचे सर तिला रोज शिकवतील.

मी हे नोराला इंग्रजीत सांगितलं. तिला आधीच सगळं कळलं होतं. तिनं विचार करायला वेळ मागितला आणि व्हरांड्यात येऊन मला विचारलं, "डॉक्टर सर, तुम्ही असते तं काय केलं असतं?"

मी म्हणालो, "घ्या नोकरी. खुर्ची आहे, पंखा आहे, मान आहे."

"अन् मले गायी येते, त्याचं?"

ती शाळेमागच्या, अध्यक्षांच्या गोठ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "ते काम इथं कुणी करत नाही."

हे मी का बोललो, ते सांगायला हवं. आमच्या आजोबांच्या पिढीनं मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं, ते छप्पन साली बौद्ध झाल्यावर. सोडलं म्हणून गावानं पुष्कळ त्रास दिला, तरी पुन्हा हात लावला नाही. त्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. मी जनावरांचा डॉक्टर झालो, पण खुर्चीतला झालो. कुणी आपखुशीनं गायीच्या पायाशी बसायला निघावं, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. माणसाला खुर्ची मिळाली की सगळं मिळालं, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. अध्यक्षांनाही तसंच वाटत होतं. त्यांना हसायचा मला फारसा अधिकार नाही.

नोरा म्हणाली, "ती गाय पाहू का? मागचा डावा."

ती गाय मी पंधरा दिवसांत दोनदा तपासली होती. वेदनाशामक दिलं होतं, सुजेचं औषध दिलं होतं. पाय उचलून पाहिला नव्हता. का नाही, तर पाय उचलायला माणसं लागतात, दोर लागतो, अंगावर शेण उडतं, आणि मला पुढच्या गावी जायचं होतं.

तिनं स्कूटीच्या डिक्कीतून सासूच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला वाकड्या टोकाचा चाकू आणला. गोठ्याच्या आडव्या पाइपवरून दोर टाकला. माझ्याबरोबर आलेल्या, दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरनं दोर धरला आणि पाय वर आला. नोरा गायीशी आपल्या भाषेत बोलत होती. ती भाषा अशुद्ध असल्याची गायीची तक्रार नव्हती. खुराचा थर पातळ पातळ सोलत ती एका काळ्या ठिपक्याशी थांबली आणि टोकानं तो उघडला. घाण वासाचा काळा पू बाहेर आला. मी मान खाली घालून जखम धुतली.

गायीच्या पायाला दोन खुरं असतात. नोरानं डिक्कीतलाच एक लाकडाचा ठोकळा चांगल्या खुराखाली चिकटवला. म्हणजे जखमेचं खूर अधांतरी राहतं, भार चांगलं खूर घेतं. पाय खाली सोडला तशी गायीनं तो टेकवला आणि शांतपणे वैरणीला तोंड लावलं.

अध्यक्ष नाकाला रुमाल लावून उभे होते. ते मला हळूच म्हणाले, "डॉक्टर, याचे फोटो नको निघायला. पालक काय म्हणतील?" मग थोडा विचार करून म्हणाले, "बाकीच्या गायी पण पाहा म्हणावं. त्याच पगारात."

"मी ऐकून राहिली, सर," नोरा म्हणाली. हात धुतले, चाकू लुगड्यात गुंडाळला. "शाळेत मले चूप बसाचा पगार भेटन. तिकडे काकाकडे काम हाय, पण तिकडे करणारे लोक बी हायेत. इथं गायीचा पाय कोणी उचलतच नाही." हे शेवटचं बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ते तिचं सौजन्य.

दुसऱ्या दिवशी तिची सासू दवाखान्यात आली. "डाक्टर सायेब, तुमी तरी सांगा जी तिले. लोकं तिकडे जायले मरतात न हे इकडे आली. आली तं आली, पंख्याखाली बसाचं सोडून ढोराचे पाय धरतो म्हणते. काहून, म्हटलं. तं म्हणते, मले येते."

"मग येते ना तिला, आई," मी म्हणालो.

"येते तं खरं," म्हातारी म्हणाली. "आमच्या बैलाचा पाय तिनंच बरा केला. पण लोक हासतात न."

नोरानं काकाला नकार कळवला आणि शाळेलाही. काकानं गाडी विकली, अवजारं मात्र पार्सलनं पाठवली. सुई आणि औषध डॉक्टरनंच द्यायचं, हा नियम मी तिला पहिल्याच दिवशी सांगितला. खुरं कापायला त्याची गरज नव्हती. सुरुवातीला लोक गोरी बाई पाहायला बोलवत, गाय हे निमित्त. सहा महिन्यांनी गायींसाठी बोलवू लागले. शाळेच्या फ्लेक्सवर नंतर एक गोरी बाई झळकली, ती इंटरनेटवरून घेतलेली होती. तिचे उच्चार कुणालाच खटकले नाहीत.

या सगळ्यातून शिकण्यासारखं एवढंच, की लंगडणाऱ्या गायीचा पाय आधी उचलून पाहावा. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. त्यानंतर मी निवृत्त होऊन तुमसरला राहणाऱ्या शेंडे बाईंना पत्र लिहिलं.

"आदरणीय बाईंना सप्रेम जयभीम.

तुम्ही मला डॉक्टर केलं, असं मी सत्कारात, लग्नात, सगळीकडे सांगत आलो. आता एक उलटी गोष्ट कळवतो. ज्या मुलीचं उत्तर बरोबर होतं, तिच्या बोलण्याला माणसं हसली, तेव्हा मी तिथं होतो आणि गप्प बसलो. माझी बदली अडली होती, एवढंच कारण. वर मी तिला खुर्चीत बसायचा सल्ला दिला. तिनं तो ऐकला नाही, हे बरं झालं.

बदली शेवटी झाली नाही. मी लाखनीलाच आहे. दर बुधवारी दवाखान्याच्या खोड्यात, म्हणजे जनावर उभं अडकवायच्या चौकटीत, गायी घेऊन पाय उचलायला शिकतो. ती शिकवते. 'तुमचा हात चुकून राहिला, सर,' म्हणते. परवा त्या शाळेचे स्पोकन इंग्लिशचे सर आपली गाय घेऊन आले. ते मला म्हणाले, 'मॅडमचं मराठी काही सुधारलं नाही हो.' मी म्हणालो, 'ते राहू द्या. गाय चालते का, ते सांगा.'

गाय चालत होती.

तुमचं वाक्य मी थोडं बदलून वापरलं, आणि फार उशिरा. रागवायचं असेल तर पत्रानं रागवा.

तुमचा विद्यार्थी."