भिंतीवरची मापं

मैत्रिणींनो, माणसं खरं कधी लिहितात? मला अजून उत्तर सापडलेलं नाही, पण आज कारखान्यात घडलेलं आपल्या या फिरत्या वहीत लगेच लिहायलाच हवं!

नव्या यंत्राच्या कामात बदललेलं प्रत्येक माप नोंदवायला मी फॉर्म तयार केला होता. घरातली पहिली पदवीधर मी, त्यामुळे वडिलांनी तो शिवाजीनगरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना दाखवला. कारखान्यात मात्र तो महिनाभर कोराच!

आज सकाळी दसऱ्याच्या आयुधपूजेसाठी भिंती रंगवायला रंगारी चुन्याची बादली घेऊन आला आणि फोरमन रामण्णा त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत ओरडले, "अरे, स्वल्प थांब! सगळी मापं भिंतीवर आहेत!"

खरंच, खडूने लिहिलेली! चुना लागला असता तर सगळं यंत्र पुन्हा मोजावं लागलं असतं. मी भराभर उतरवून घेतली.

"अण्णा, माझ्या फॉर्मवर का नाही लिहिलीत?"

"अक्का, भिंत 'चूक कोणाची?' असं विचारत नाही. तुमचा शेवटचा रकाना विचारतो."

तो रकाना माझ्याच हुशारीचा होता.

दुपारीच तो काढून टाकला, नवे फॉर्म सायक्लोस्टाइल करून वाटले. पहिला रामण्णांनी भरला, तोही सहीसकट!