कोवळे दात

संत तुकाराम नगरातले आमचे शेजारी कंपनीत फिटर होते. दुसरा लाडू खाल्ल्याशिवाय त्यांच्या घरून कुणाची सुटका नसे. अपवाद एकच, काचेच्या बरणीत पाळलेली तळहाताएवढी, केसाळ कोळ्याची मादी. ती उताणी पडून कात टाकायला लागली, की आवाज नको म्हणून ते वहिनींना स्टोव्हसुद्धा पेटवू देत नसत. मग त्यांचा चहा आमच्या घरून जाई.

एकदा कात टाकून झाल्यावर वहिनींनी कौतुकानं झुरळ आणलं. शेजाऱ्यांनी त्यांचा हात धरला. "अगं, तिचे दात कोवळे आहेत अजून. कडक होईपर्यंत आग्रह नको."

मी शेजारीच बसलो होतो, नुकतीच दाढ काढलेली, गाल सुजलेला.

"फार दुखतंय का हो?" शेजाऱ्यांनी कळवळून विचारलं आणि माझ्या हातावर चकली ठेवली. "दुसऱ्या बाजूनं चावा."