बिफोरचा रकाना

"उभी राहा. आज उदाहरण तूच."

सरांनी बोर्डवर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडं लिहिलं 'बिफोर', उजवीकडं 'नाऊ'. सोलापूरच्या भवानी पेठेतला आमचा स्पोकन इंग्लिशचा क्लास, टॉवेलच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला. चाळीसेक पोरंपोरी. मी मधल्या बाकावरून उभी राहिले.

आधी कसं होतं आणि आता कसं आहे, हे इंग्रजीत सांगायचा तो धडा होता. सरांनी डाव्या रकान्यात लिहिलं, 'शी यूज्ड टू स्मेल ऑफ गोट्स.' मग वळून विचारलं, "म्हणजे काय?" मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "पूर्वी हिला शेरडांचा वास यायचा!" उजव्या रकान्यात सरांनी लिहिलं, 'शी डझन्ट एनीमोर.' माझ्या बाकापाशी येऊन वाकले, नाक ओढून हुंगल्यासारखं केलं. "ऑलमोस्ट," म्हणाले.

अख्खा वर्ग खो खो हसला. मीपण हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण माझी चूक तिथंच सुरू झाली. मला वाटलं, एवढ्या पोरांत सरांनी आपल्यालाच निवडलं. वर आमची मेंढरं होती, शेरडं चारच. तेवढा फरकसुद्धा मी त्यांना सांगितला नाही.

आम्ही धनगर. मैंदर्गीच्या बाहेर माळावर आमची वस्ती. माझे वडील, आबा, जन्मभर मेंढरांमागं फिरलेले. बोलताना मराठीत कन्नड कधी मिसळतं, त्यांना कळतही नाही. मी कॉलेज संपवून सोलापूरला, क्लासच्याच पेठेत राहणाऱ्या आत्याकडं आले. सकाळी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग, संध्याकाळी क्लास. आणि इंग्रजी शिकले की! लई शिकले. वर्षभरात माझ्यासारखं बोलणारं त्या बॅचमध्ये कुणी उरलं नव्हतं. सर म्हणाले, "तुला इथंच शिकवायला ठेवतो. फक्त वर्धापनदिनाला स्टेजवर आपली स्टोरी सांगायची. पूर्वी काय होतीस, आता काय झालीस."

त्यासाठी त्यांना व्हिडिओ हवा होता. स्वतः मोटार घेऊन वस्तीवर आले.

आबांची धांदल उडाली. आत पळाले, घोंगडं घेऊन आले, झटकून अंगणात अंथरलं. आमच्यात पाहुण्याला घोंगडं अंथरतात. हे तर आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं, आज्ज्यानं विणून घेतलेलं. बिरोबाची पूजा मांडायची ती ह्याच्यावर, सोयरीक ठरवायला बसायचं ते ह्याच्यावर. घरातलं शेंबडं पोरसुद्धा चप्पल घालून त्याच्यावर पाय देत नाही.

"बर्री, बर्री. या सर. बसा," आबा म्हणाले.

सर बसले नाहीत. अंगणात लेंड्या होत्या. त्यांचे बूट पांढरे, नवेकोरे. बूट घाण होतील म्हणून ते बुटांसकट घोंगड्यावर चढले. मोबाईल धरून त्याच्यावर गोल फिरले, कोन बघत. मग मला म्हणाले, "त्यांना सांग, हसू नका म्हणावं. बिफोर आहे हे. चेहरा पाडायला सांग. आणि हात जोडू देत."

मी सांगितलं. ह्याच तोंडानं सांगितलं, "आबा, हसू नका. हात जोडा." लांडग्यामागं काठी घेऊन धावणारा माझा बाप त्या मोबाईलपुढं मान खाली घालून, हात जोडून उभा राहिला. लेकीचं काम होतंय ना, म्हणून.

मोटार गेली. आबांनी घोंगडं उचललं. काळ्या लोकरीवर बुटांच्या तळव्यांचे मातीचे ठसे उठले होते. ते खाली बसून हातानं एकेक ठसा घासायला लागले.

"त्यांना माहीत नसेल, आबा," मी म्हटलं.

"त्येला ठावं न्हाय, खरं हाय," आबा मान वर न करता म्हणाले. "तुला तर ठावं व्हतं की."

एवढंच बोलले. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं. परत येताना एसटीत ते वाक्य डोक्यातून हलेना. तेव्हा कुठं मला वर्गातलं ते हुंगणं आठवलं, आणि राग आला. उशिरा आला. पण आला तो जायचं नाव घेईना. अक्कलकोट मागं पडलं तरी तसाच होता.

मी सरांना राग कळू दिला नाही. त्यांनी लिहून दिलेलं भाषण पाठ केलं. 'माय फादर यूज्ड टू बी नोबडी,' असं पहिलं वाक्य. रोज त्यांच्यापुढं म्हणून दाखवलं. "आवाज थोडा रडका कर," ते सांगायचे. मी करायचे. शेवटी म्हणाले, "वडिलांना तसंच आण. फेटा, काठी, घोंगडं. सगळं." मी म्हटलं, "येस सर. घोंगडं नक्की आणते."

हॉल भरला होता. पुढं पाहुणे, मागं पोरांचे आईबाप. पडद्यावर 'बिफोर' आलं आणि हात जोडलेले आबा दिसले. लोक हळहळले. खरे आबा स्टेजच्या कडेला उभे होते. सगळ्यांना खुर्च्या होत्या, त्यांना नव्हती.

माझं नाव पुकारलं. मी माईक घेतला. आबांच्या खांद्यावरचं घोंगडं काढून स्टेजच्या मधोमध अंथरलं.

"पोरी, काय करायलीस?"

"बसा, आबा."

चपला काढून ते मांडी घालून बसले. मी सुरू केलं, सरांनीच शिकवलेल्या इंग्रजीत. "धिस मॅन यूज्ड टू स्टँड विथ फोल्डेड हँड्स. ही डझन्ट एनीमोर." मग मागच्या रांगांना कळावं म्हणून मराठीत आले आणि सगळं सांगितलं. हुंगलेलं सांगितलं. हात जोडायला लावलेलं सांगितलं. घोंगड्यावर उठलेले ठसे सांगितले. त्यात माझं तोंड वापरलं होतं, तेही सांगितलं.

"माईक दे इकडं!" सर तरातरा आले. मधे घोंगडं.

"बूट!"

मेंढरू पिकात शिरताना आबा ओरडतात तशी मी माईकवर ओरडले. सरांचा पाय वरच राहिला. मग मागून कुणाची तरी आई म्हणाली, "बूट काढा की वो, सर!" दुसरी म्हणाली, "काढा की!" आणि हसू फुटलं. तसलंच, वर्गात फुटलं होतं तसलं. मी ते कान भरून ऐकलं.

सर वाकले. नाड्या सोडायला लागले. एक गाठ सुटेना. सगळा हॉल बघत होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"सॉरी," ते माझ्याकडं बघत पुटपुटले.

"मला नको. आबांना म्हणा. मराठीत."

"चुकलं," ते म्हणाले.

"असू द्या. बसा," आबा म्हणाले, आणि सरकून जागा केली. सर तेव्हाही बसले नाहीत. बूट हातात घेऊन मागच्या दारानं निघून गेले.

आबांनी माफ केलं. त्यांचं मन मोठं. माझं नाही, आणि मला ते करूनही घ्यायचं नाही.

शिकवायचं काम अर्थातच गेलं. त्यानं (सर म्हणणं मी सोडलंय) सगळ्या ग्रुपवर पसरवलं, की मी खाल्ल्या घरचे वासे मोजले. म्हणू दे. आता आत्याच्या पुढच्या खोलीत मी शिकवते. आबांनी ते घोंगडं मला दिलं. पोरी चपला बाहेर काढतात आणि त्याच्यावर बसतात. त्याच्या बॅचमधल्या चार आल्या, मग सात. ज्या पोराला तो उदाहरण म्हणून उभं करतो, ते पहिलं माझ्याकडं येतं. मी आधीचं आणि आताचं शिकवते तेव्हा कुणाला उभं करत नाही. जिची तिनं स्वतःची वाक्यं करायची. शेरडांचा वास लिहायचा असेल तर तिनंच लिहायचा, ताठ मानेनं.

त्याच्या क्लासचा बोर्ड माझ्या दारातून दिसतो. रोज सकाळी बघते. त्याची एकेक पोरगी, एकेक पोरगं मी इकडं आणणार आहे. शेवटचा बाक रिकामा होईपर्यंत.

वाक्य मी तयार ठेवलंय. 'देअर यूज्ड टू बी अ क्लास हिअर.' इथं पूर्वी एक क्लास होता. तो बोर्ड खाली उतरेल त्या दिवशी भर रस्त्यात उभी राहून हे म्हणणार आहे. मोठ्यानं. त्याला ऐकू जाईल असं.