आर्व्हिलचा सूर आणि कॉयची मान

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेआठला आर्व्हिल टिडमोर चर्चच्या पायरीवर माझी वाट बघत उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गुळगुळीत दाढी आणि चेहरा दाढ काढून घ्यायला आल्यासारखा. मी गाडीतून कार्डांची पेटी बाहेर काढली तसा म्हणाला, "नेल्डा, माझं कार्ड काढून टाक."

मी जागच्या जागी उभी राहिले. आमच्या डोंगरावर वर्षातून एकदा दिवसभराचं गाणं होतं. त्या गाण्यात ज्याला उभं राहायचं असतं त्याचं एक कार्ड या पत्र्याच्या पेटीत असतं. वर नाव, खाली त्याच्या आवडत्या गाण्याचं पान. मी एकेक कार्ड काढून नाव पुकारते. ज्याचं नाव आलं तो उठतो, मधोमध उभा राहतो, आपलं गाणं सगळ्यांकडून गाऊन घेतो आणि जाऊन बसतो. पेटी आधी आईकडे होती, गेली चोवीस वर्षं माझ्याकडे आहे. पेटीतून कार्ड कायमचं निघतं ते एकाच कारणाने.

"तू मेलायस का?" मी विचारलं.

"नाही."

"मग सकाळी सकाळी काय हे? आत जाऊन बस तुझ्या बाकावर."

"आज मी सूर देणार नाही. यापुढेही नाही. मागे दाराशी बसेन, गाणं संपलं की घरी जाईन. पुढच्या वर्षी येणारही नाही. काढ ते कार्ड."

आर्व्हिलने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. आमच्या डोंगरावरच्या निम्म्या लोकांना त्याने लहानपणी शाळेत पोचवलंय, आणि कुणाच्या घरी सकाळी काय चाललेलं असायचं हेही त्याला ठाऊक, पण तोंडातून कधी एक शब्द काढला नाही. पण आम्ही त्याला ओळखतो ते बसमुळे नाही. आमच्या चर्चमध्ये पियानो नाही, ऑर्गन नाही, काहीच नाही. चार बाजूंना बाक, चारही बाजूंची तोंडं एकमेकांकडे: एका बाजूला मुख्य चाल, समोर बायकांचा उंच सूर, एका अंगाला आमचा मधला आणि त्याच्यासमोर पुरुषांचा खर्ज. ऐकायला कुणी येत नाही, सगळे गायलाच येतात. आणि पुस्तकात सूर कुठलाही छापलेला असो, त्या दिवशी, त्या माणसांना, त्या हवेत कुठला पेलेल, हे एकच माणूस ठरवतो. सकाळी गळे थंड असतात, जेवणानंतर पोटं भरलेली असतात, पाऊस असला की लाकूड फुगतं आणि आवाज जड होतात. हे सगळं धरून सूर द्यायचा. तो माणूस आर्व्हिल.

तो कसा देतो, हे बघण्यासारखं असतं. पान उघडतो, ओठ न हलवता घशात काहीतरी गुणगुणतो, उजवा तळवा वर धरतो. मग थांबतो. एक श्वास जाईल एवढंच. तळवा खाली येतो आणि त्याच्या तोंडातून सूर निघतो, आणि शंभर माणसं त्यावर अशी उभी राहतात की मला आजही, साठी उलटल्यावर, अंगावर काटा येतो. मी सात वर्षांची असताना आईने मला पहिल्यांदा मधोमध उभं केलं होतं. चारी बाजूंनी तो आवाज आला तेव्हा मला वाटलं आपले पाय जमिनीवर नाहीत. मी आईला घट्ट धरलं होतं.

त्या थांबण्याबद्दल आई म्हातारपणी म्हणायची, "बघ, आर्व्हिल देवाला विचारतोय."

"आई, तो तर प्रार्थनेला बाहेर जाऊन बसतो."

"तोंडाने करत नाही. त्या घटकेत करतो."

बाहेर जाऊन बसतो हे खरं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी त्याची बायको ज्युएल कॅन्सरने गेली. त्यानंतर कुणी प्रार्थनेला डोळे मिटले की आर्व्हिल उठून आपल्या पिकअपमध्ये जाऊन बसायचा आणि गाणं सुरू झालं की परत यायचा. आमच्याकडे प्रत्येक गाणं आधी नुसत्या सुरांनी म्हणतात आणि मग शब्दांनी. पुस्तकात सुरांना आकार असतात: त्रिकोणी फा, गोल सोल, चौकोनी ला आणि पत्त्यांतल्या चौकटीसारखा 'मी' हा सूर. (पत्ते खेळणं आमच्यात पाप, पण चौकट सगळ्यांना बरोबर ओळखू येते.) आम्ही शब्दांवर गेलो तरी आर्व्हिल फा-सोल-लाच म्हणत राहायचा.

यावरून कॉय हॅस्क्यू त्याला दर वर्षी छेडायचा. कॉय म्हणजे चर्चचा कारभार बघणारा डीकन, कोंबड्यांची चार लांबलचक खुराडी असलेला धिप्पाड माणूस, खर्जाच्या पहिल्या बाकावर अगदी टोकाला बसणारा. दोघं पहिलीपासून एका वर्गात.

"दिवसभर देवाचं नाव गातोस आणि त्याला मानत नाहीस. लाज वाटते का?"

"मी नाव गात नाही, कॉय. त्रिकोण आणि गोल गातो."

"वर गेल्यावर तुला भूमितीच्या तासाला बसवतील."

"बसवू देत. तू तिथेही नापास होशील."

कॉय फेब्रुवारीत गेला. खुराड्यात पंखा दुरुस्त करताना खाली बसला, तो उठलाच नाही.

तेव्हा पायरीवर मी म्हटलं, "कॉय गेला म्हणून तू गाणं सोडणार? त्याला काय वाटेल?"

आर्व्हिलने दाराकडे बघितलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली. "नेल्डा, मला कान नाहीत."

"काय?"

"सुराचे कान. कधीच नव्हते. मी अंदाजाने घशात धरतो, आणि कॉयकडे बघतो. बरोबर असलं तर तो मान हलवतो. चढलेला असला तर बोट खाली करतो. तीस वर्षं मी त्याच्या मानेवर सूर देतोय. लोक म्हणतात आर्व्हिलला देणगी आहे. देणगी कॉयला होती. मी चोर आहे. आता तिथे कोण आहे, ज्याच्याकडे बघू?"

मला प्रचंड राग आला. त्याचा राग, कॉय गेल्याचा राग, त्या थांबण्याला मी इतकी वर्षं प्रार्थना समजत होते त्याचाही राग. पेटी तिथेच पायरीवर उघडली, त्याचं कार्ड ओढून काढलं आणि पर्समध्ये कोंबलं. "घे. मेलास." आणि आत गेले.

सकाळी अटलांटाहून आलेल्या मेरिडिथने सूर दिला. कॉलेजात संगीत शिकवते, बाई गुणी आहे, आमच्यावर जीव आहे तिचा. तिने फोनमध्ये बघून पुस्तकात छापलेला सूर अचूक दिला. आणि तेच चुकलं. तिसऱ्या गाण्याला उंच सुरातल्या बायकांच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या, पाचव्याला खर्जातले दोघं पाणी प्यायला बाहेर गेले. गाणी होत होती, पण ती आपापल्या घशात राहत होती, मधे येऊन भेटत नव्हती. आर्व्हिल दाराशी शेवटच्या बाकावर पुस्तक मिटून बसला होता. खर्जाच्या टोकाची कॉयची जागा कुणी घेतली नव्हती.

दुपारी ओकच्या झाडांखाली टेबलं लागली. तळलेलं चिकन, मक्याचा पाव, बटरबीन्स, भेंडीचं लोणचं, नारळाचा केक. कॉयची बायको वीडा केक कापत होती. माझ्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या डोंगराला माहीत आहे. मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि आर्व्हिल काय म्हणाला ते सगळं तिला सांगून टाकलं.

वीडा हसायला लागली. सुरी खाली ठेवून, टेबल धरून हसली. मग ते हसणं रडण्यात गेलं, आणि परत हसण्यात आलं.

"कॉय? अगं, कॉयला ढग गडगडलेले ऐकू यायचे नाहीत! खुराड्यातल्या त्या पंख्यांनी आधी डावा कान खाल्ला, मग उजवा. पंधरा वर्षं तरी झाली. माझ्याकडून शपथ घेतली होती, नाहीतर आर्व्हिल खर्जाच्या बाकावरून उठवेल म्हणे."

"मग तो गायचा कसा?"

"सगळी गाणी पाठ. बोलणं ओठांवरून ओळखायचा. बाकावर तळहात टेकवून बसायचा, लाकडातून कळतं म्हणायचा. आणि आर्व्हिलच्या तळव्याकडे बघायचा. तो खाली आला की सुरू."

"पण तो मान हलवायचा ना, वीडा. आणि बोट?"

"मी विचारलं होतं त्याला एकदा. म्हणाला, 'आर्व्हिल दर वेळी माझ्याकडे असा बघतो, बिचारा घाबरलेला असतो, मग मी मान हलवतो. त्याचा सूर कधी चुकतो का?' आणि बोट..." तिने डोळे पुसले. "बोट त्याचा स्वतःचा घसा बसलेला असला की खाली करायचा."

माझ्या हातातली थाळी तशीच राहिली. मी सूर कसा लागतो हे साठ वर्षं बघत आलेय असं मला वाटत होतं. निदान गेली पंधरा वर्षं आर्व्हिल कॉयकडे बघत होता, कॉय आर्व्हिलकडे. दोघांपैकी एकालाही खात्री नव्हती, आणि त्यांच्यामधून तो सूर येत होता, दर वर्षी, दर गाण्याला, शंभर माणसांना पेलणारा. मग तो कुठून येत होता? भर दुपारी मला भीती वाटली, चांगली भीती, सात वर्षांची असताना वाटली होती तशी.

वीडाने केकचा एक तुकडा बशीत घेतला आणि सरळ आर्व्हिलकडे गेली. तो झाडाला टेकून उभा होता. मला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. तिने सांगितलं. त्याने बशी घेतली, तिच्याकडे बघितलं, मग बशी गवतावर ठेवली आणि दफनभूमीकडे चालत गेला. कॉयच्या थडग्यावर अजून दगड बसला नव्हता, नुसती माती होती. तिथे तो टोपी काढून कमरेवर हात ठेवून उभा होता, जसा बसमधल्या एखाद्या द्वाड पोरासमोर उभा राहायचा.

घंटा झाली, सगळे आत आले. थोड्या वेळाने आर्व्हिलही आला आणि पुन्हा दाराशीच बसला. मेरिडिथने सूर दिला. पोटं भरलेली आणि सूर वर, त्यामुळे हाल आणखी वाढले.

आणि मग माझी चूक झाली. त्या सकाळी मला पेटीतून एक कार्ड खरंच काढायचं होतं. ते काढायला म्हणूनच मी लवकर आले होते. पण आर्व्हिलच्या रागात त्याचं काढलं आणि ज्याचं काढायचं ते राहूनच गेलं. हाताला येईल ते कार्ड उचलायचं आणि वाचायचं, चोवीस वर्षांची सवय. मी खणखणीत आवाजात पुकारलं, "कॉय हॅस्क्यू!"

पंख्याने वारा घेणाऱ्या म्हाताऱ्या बायकांचे हात थांबले. मी वीडाकडे बघायचं धाडस केलं नाही. माफी मागायला उठणार, तेवढ्यात मागून बाक करकरला.

आर्व्हिल चालत आला. आधी मला वाटलं तो मला झापायला येतोय. तो माझ्या शेजारून गेला आणि मधोमध उभा राहिला.

"नाव पुकारलंय," तो म्हणाला. "कुणीतरी उठायला हवं. पान किती?"

मी कार्ड वाचलं. पान दोनदा वाचलं. पुस्तकांची पानं उलटली. मेरिडिथने फोन वर केला, तर तिच्या शेजारच्या बाईने हलकेच तिचा हात खाली दाबला.

आर्व्हिलने घशात काहीतरी गुणगुणलं. उजवा तळवा वर केला आणि खर्जाच्या बाकाच्या टोकाला बघितलं. तिथे कुणी नव्हतं. गुळगुळीत झालेलं लाकूड होतं. तो बघत राहिला, एक श्वास जाईल एवढंच, नेहमीइतकंच. आम्ही सगळे त्याच्याबरोबर थांबलो. मग तळवा खाली आला.

असा सूर मी ऐकलेला नाही. खरं सांगायचं तर तो नेहमीचाच होता, पण सकाळपासून तहानलेल्याला पाणी नेहमीचं लागत नाही. खर्ज जमिनीतून वर आला, उंच सूर छपरातून खाली आला, आणि मधे उभा असलेला आर्व्हिल हात वर-खाली करत राहिला, डोळ्यांतून पाणी गळत असताना. आम्ही शब्दांवर गेलो. माझा बाक त्याच्या समोरच होता, मला त्याचे ओठ दिसत होते. तो फा-सोल-लाच म्हणत होता. दिवस संपेपर्यंत मग त्यानेच सूर दिला, मेरिडिथ सगळ्यांत जास्त मोठ्याने गायली.

संध्याकाळी मी त्याला पिकअपपाशी गाठलं.

"आर्व्हिल, तू तळवा धरून थांबतोस ना, त्याला मी इतकी वर्षं प्रार्थना समजत होते."

"मी कॉयकडे बघत होतो."

"आणि आज?"

त्याने खिशातून किल्ल्या काढल्या. "आज तिथे कुणी नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी बघितलं. आणि सूर आला. आता याला काय म्हणायचं ते तू म्हण, नेल्डा, मला विचारू नकोस."

मी पर्स उघडली. दोन्ही कार्डं काढली; कॉयचं मी पुकारून झाल्यावर त्यातच ठेवलं होतं. आर्व्हिलचं कोपऱ्यात चुरगळलं होतं.

त्याने दोन्ही हातात घेतली. आपलं कार्ड पिकअपच्या दरवाज्यावर ठेवून अंगठ्याने नीट सपाट केलं आणि मला परत दिलं. मग कॉयचंही दिलं.

"हेही पेटीतच राहू दे," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी पुकार. मी उठेन."