शेवटच्या थांब्यावरच्या बत्तीस पेट्या

ऑफिसात तिला सगळे आकडेबाई म्हणत. मधमाशी केंद्रात वीस वर्षं ती मोजणीचे तक्ते भरत आली होती. तिचा थोरला भाऊ जन्मभर मधपेट्या सांभाळणारा. तो चिडवायचा, "पगार घेऊन माश्या मारतेस." तिला राग यायचा नाही, कारण दादा स्वतः बेरीजसुद्धा बोटांवर करायचा.

केंद्राचं गणित तसं साधं होतं. राणी रोज किती अंडी घालते, एकवीस दिवसांनी त्यातून किती माश्या निघतात, वयाने किती गळतात. पेटीत पोळं बांधायच्या लाकडी चौकटी असतात; त्यातल्या चारही भरतील इतक्या माश्या नसल्या, तर ती पेटी मोठ्या फुलोऱ्यापर्यंत तग धरत नाही. त्या वर्षी या हिशेबात दादाच्या बत्तीसच्या बत्तीस पेट्या नापास झाल्या. हुकूम निघाला, शुक्रवारपर्यंत एकत्र करून दहा करा. एका पेटीत एकच राणी नांदते, म्हणजे बावीस राण्या चिमटीत चिरडायच्या. दादा दोन दिवस धड जेवला नाही.

तिने सगळे तक्ते टेबलावर पसरले. दादाच्याच नव्हे, सगळ्यांच्या नापास पेट्या एकजात गावोगाव फिरणाऱ्या मोजणीच्या गाडीच्या शेवटच्या थांब्यांवरच्या निघाल्या. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ड्रायव्हरकडून तिने लॉगबुक आणलं. पहिला थांबा सकाळी सात, दादाचा भर बाराला. बारा वाजता कामकरी माश्या रानात असतात, घरात नव्हे.

"म्हणजे आपलं गणित चुकलं म्हणता?" केंद्राच्या साहेबांनी विचारलं.

"गणित चोख आहे, साहेब. माणसं कामावर गेल्यावर आपण शिरगणती केली."

"भावाच्या पेट्या आहेत म्हणून बोलताय."

हे तिला झोंबलं. "म्हणूनच मी नाही, तुम्ही मोजा. पहाटे, पहिली माशी उडायच्या आत."

गुरुवारी पहाटे साहेब कुरकुरत दादाच्या पेट्यांपाशी आले आणि झाकणं उघडत गेले. साडेपाच चौकटी. सहा. पाच. दोनच पेट्या खरोखर खंगलेल्या होत्या. तिने एका झाकणावर कागद ठेवून नव्याने हिशेब मांडला आणि खाली लिहिलं, फुलोऱ्याला तीस टिकतील. साहेबांनी शेवटच्या थांब्यांवरचे सगळे हुकूम थांबवले, पण कागद खिशात घातला.

सहा आठवड्यांनी फुलोरा आला तेव्हा एकतीस पेट्या गुणगुणत होत्या. साहेबांनी कागद काढला. "एकाने चुकलात."

"हे काय ज्योतिष आहे, साहेब? गणितात एखादी इकडेतिकडे होणारच." तिचा ऊर अभिमानाने भरून आला होता आणि तिने तो लपवलाही नाही. थांबवलेले सगळे हुकूम कायमचे रद्द झाले. छापील तक्त्यात नवा रकाना आला, मोजणीची वेळ.

दुसऱ्या दिवशी दादा आयुष्यात पहिल्यांदा तिच्या ऑफिसात आला. उगाच खुर्ची पुसून बसला, घसा साफ केला.

"अगं, पुढच्या वर्षी किती पेट्या होतील ते तुझ्या वहीत बघून सांग. तेवढ्या पेट्या आत्ताच सुताराकडे करायला टाकतो."