पोळ्याच्या मैदानावर लोकसहभाग

माणसं सुट्टी काढून कोकणात जातात, हिमालयात जातात. मी ऑगस्टमध्ये हिंगोली जिल्ह्यात एका सभेला गेले. केतकी ही माझी कॉलेजातली मैत्रीण. ती नोकरी करते ती सल्लागार कंपनी छोट्या शहरांना त्यांची संस्कृती कुठे आहे आणि खरं तर कुठे असायला हवी होती, हे नकाशावर दाखवून देते. अशा आराखड्याला लोकसहभागाची अट असते, म्हणून एक दिवस लोकांना बोलावून सहभागी करून घेतात. केतकीला फुकटात फोटो काढणारं कोणीतरी हवं होतं आणि मला ब्लॉगसाठी कोणी न लिहिलेलं ठिकाण. दोघींचीही सोय झाली.

पुण्याहून हिंगोलीला ट्रॅव्हल्सच्या गाड्या आहेत. सणाच्या तोंडावर भाडी चढतात, तेव्हा तिकीट आधीच काढा. हिंगोलीहून आम्ही वाशिमकडे जाणारी एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, खिडकीची जागा मात्र पूर्ण भांडून मिळवावी लागते. कनेरगाव नाक्याला उतरून ढाब्यावर शेवभाजी, भाकरी आणि ठेचा खाल्ला. ठेचा लेकरालाही चालेल असा आहे, असं मालकांनी सांगितलं होतं. इथली लेकरं काय ताकदीची असतात ते मला तिसऱ्या घासाला कळलं. पुढे जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि ती भरली असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही, एवढं धरून निघा. पांढरे बूट घालू नका. काळ्या मातीत मी उतरले तेव्हा माझे बूट होते, जीपपासून लॉजपर्यंत पोचले तेव्हा नुसता चिखल होता.

गावाचं नाव सांगत नाही, मला तिथे परत जायचंय. गावाला नुकताच शहराचा दर्जा मिळालाय. म्हणजे कचऱ्याची गाडी आली आणि पाठोपाठ संस्कृतीचा आराखडा.

संध्याकाळी आम्ही आराखड्यातलं मैदान बघायला गेलो. दोन मोठे कडुलिंब आणि मधे मोकळी जागा. तिथे गंगाराम आप्पा मेंढ्या घेऊन बसले होते. थोडी शेती, एक बैलजोडी आणि या मेंढ्या, एवढा त्यांचा पसारा. पोळ्याला या दोन झाडांमध्ये तोरण बांधतात, गावातले सगळे बैल खाली उभे राहतात आणि तोरण तोडून बैल सोडण्याआधी झडत्या होतात, हे त्यांनीच सांगितलं. झडती म्हणजे चार ओळींची यमकातली टोचणी. सावकार असो की सरपंच, त्या दिवशी कोणाचंही माप काढता येतं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून 'हर हर महादेव' म्हणायचं. रागवायचं मात्र कोणी नाही. आप्पा तरुणपणापासून झडत्या म्हणतात. एका वर्षी त्यांनी एका विहीरमालकावर झडती म्हटली, तर दुसऱ्या दिवशी त्याने विहीर सगळ्यांना खुली केली होती.

केतकीने नकाशा उघडून सांस्कृतिक भवन दाखवलं. ते बरोबर या दोन झाडांच्या मधे होतं. आत वातानुकूलित लोककला दालन, आणि तिथल्या मोठ्या पडद्यावर वर्षभर पोळा दिसणार होता. आप्पांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"अन् बैलं कुठं उभे राहतीन?"

केतकी म्हणाली, हा मुद्दा उद्या सभेत मांडा, त्यासाठीच तर सभा आहे. आप्पांना हे एकदम पटलं. मलाही पटलं, हे इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

सभा मंगल कार्यालयात होती. भिंतीवर शहराचा नकाशा, टेबलावर हिरवे गोल स्टिकर. जिथे कलेसाठी जागा हवी वाटते तिथे प्रत्येकाने एक हिरवा गोल लावायचा, अशी सूचना होती. पण सरकारी वाटणारा माणूस आणि नकाशा एकत्र दिसले की इथे एकच अर्थ निघतो, तो म्हणजे जमीन जाणार. त्यामुळे अर्ध्या लोकांनी मोबदल्याच्या आशेने स्वतःच्या वावरावर गोल लावला आणि उरलेल्यांनी सावधपणे चुलतभावाच्या वावरावर. एका काकूंनी तर आधी दिराचा गट नंबर विचारून घेतला. नकाशा हिरवागार झाला. शहरातली संस्कृती इतकी विखुरलेली असेल याची कल्पना नव्हती, असं केतकीच्या साहेबांनी भाषणात सांगितलं.

मग 'कोणाला काही बोलायचंय का' झालं. आप्पा उठले, पागोटं सारखं केलं आणि कडक आवाजात सुरू झाले:

"कागदावर काढलं भवन, त्याले लावली एशी,
पोळ्याच्या दिशी बैलं आमची उभी करावी कशी?
सायेब म्हने पडद्यावर दाखवू तुमचा पोळा,
पडद्यातल्या बैलाले कसा भरवू पुरनाचा गोळा?"

सगळ्या सभेने 'हर हर महादेव' केलं. छताचे पत्रे हादरले. साहेब सगळ्यात जास्त हसले, टाळ्या वाजवत पुढे आले आणि आप्पांना शाल-श्रीफळ दिलं. मी फोटो काढला. फार सुंदर आला.

निघताना आप्पा आम्हाला जीपपर्यंत सोडायला आले. चेहऱ्यावर समाधान होतं. "साऱ्या गावासमोर सांगून झालं. आता काही तकलीफ न्हाई," म्हणाले. झडतीत बोललेलं ऐकणाऱ्याला पाळावं लागतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता.

घरी आले, बूट टाकून दिले. बारा दिवसांनी केतकीने अहवाल पाठवला. मुखपृष्ठावर माझा फोटो, आणि आत लिहिलेलं: 'स्थानिक कलावंताने स्वागतपर काव्य सादर केले. उपस्थितांनी घोषणांच्या गजरात आराखड्यास एकमुखाने मंजुरी दिली.' लेखी हरकती: निरंक. मी केतकीला फोन करून भांडले. ती म्हणाली, तक्त्यात दोनच रकाने असतात, हरकत आणि सादरीकरण. हरकत लेखीच लागते. मुदत संपायला अजून आठवडा होता, हेही तिनेच हळूच सांगितलं.

मग आप्पांना फोन करून सगळं वाचून दाखवलं.

"मी हसत हसत सांगलं म्हून का?"

त्या फोटोची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांच्या झडतीची मी त्याच दिवशी लेखी हरकत करायला बसले. विषय, संदर्भ, 'उपरोक्त मैदानावरील प्रस्तावित बांधकामामुळे वार्षिक पशुउत्सवास बाधा पोहोचत असून', गट क्रमांक, खाली आप्पांचं नाव आणि सहीची जागा. त्या चार ओळींमधला एकही शब्द शिल्लक राहिला नाही. सहीसाठी पाठवण्याआधी फोनवर त्यांना ते पूर्ण वाचून दाखवलं.

"हे ऐकून कोनी हसंल का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आप्पा."

"टाळ्या?"

"त्याही नाही."

"मंग बराबर हाय," आप्पा म्हणाले. "पाठवा."