किल्ली विमलाबाईंकडे

इंग्लंडात स्वस्तात भटकण्यात आपला हात कोणी धरणार नाही, अशी धम्मशीलेची पक्की समजूत होती. तरुणांना मिळणाऱ्या दोन वर्षांच्या व्हिसाच्या सोडतीत नाव लागलं, तशी ती नागपूरहून रीडिंगला आली. आठवडाभर कॅफेत कॉफ्या करायच्या आणि सुट्टी मिळाली की आपली जुनी, हिरवी, दारं कुरकुरणारी गाडी काढायची. मागची सीट पाडून गादी, शेगडीवर पोहे, आंघोळ वाटेतल्या स्विमिंग पूलवर. हॉटेलची पायरी ती कधी चढली नव्हती.

आता आई आली होती. विमलाबाई, निवृत्त शिक्षिका. त्यांना वेल्समध्ये टेन्बीच्या समुद्रावर न्यायचंच, हे धम्मशीलेने वर्षभर मनाशी घोकलं होतं. आईने शाळेच्या सहली नेल्या, पोरांना शिकायला बाहेर पाठवलं. तिला हौसेने कोणी कुठे नेलं नव्हतं. समुद्र पाहिला तोही चैत्यभूमीला गेल्यावर, माणसांच्या डोक्यांवरून.

निघायच्या आदल्या दिवशी धम्मशीलेने गाडीच्या विम्यासाठी फोन लावला. पलीकडच्या बाईने सहज विचारलं, "इथे राहायला येऊन किती दिवस झाले?"

"तेरा महिने."

"मग भारतीय लायसन्सवर तुम्हाला चालवता येणार नाही. ते एकच वर्ष चालतं."

धम्मशीलेचा चेहरा पडला. व्हिसा दोन वर्षांचा, म्हणजे लायसन्सही दोन वर्षं चालणार, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. कोणाला विचारायची तसदी घेतली असेल तर शपथ! इथली टेस्ट द्यायची तर तारीख मिळेपर्यंत आई परत गेलेली असणार.

"सॉरी आई, ट्रिप कॅन्सल. मला ड्राइव्हच करता येणार नाही," ती रडवेली होऊन म्हणाली.

विमलाबाई चहा गाळत होत्या. "माझं लायसन्स चालते का, विचार नं त्यांना."

"तुझं?"

"पर्समध्ये आहे. आणलंय मी."

ते लायसन्स त्यांनी पंचावन्नाव्या वर्षी काढलं होतं. नागपूरची गाडीही स्वतःच्या फंडातून घेतलेली. पण किल्ली असायची धाकट्या मुलाच्या, प्रबुद्धच्या, खिशात. "आई, तू मागे आरामात बस," हे त्याचं पालुपद. इकडून धम्मशीलाही फोनवर त्याचीच री ओढायची, "बस ना गं, कशाला रिस्क?" बाजार आणि रविवारी बुद्धविहार, एवढंच काय ते त्यांना चालवायला मिळायचं.

फोनवरच्या बाईने सांगितलं, पाहुण्या म्हणून आल्या आहेत ना, मग त्यांना चालवता येईल. विमा विमलाबाईंच्या नावाने निघाला.

दुसऱ्या दिवशी धम्मशीलेच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तो थांबेना. "आई, लेन! आई, हळू! राउंडअबाउट आला, उजवीकडच्यांना आधी जाऊ दे!" शेवटी विमलाबाईंनी मोटरवेच्या कडेच्या विश्रांतीथांब्यावर गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"तू पण प्रबुद्धसारखीच करून राहिली नं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते धम्मशीलेला जास्त लागलं. तिला आपली लाज वाटली. तिने थर्मास उघडला, आईला चहा दिला, आणि पुढे फक्त रस्ता विचारला तेव्हाच सांगितला. नदीवरचा मोठा पूल ओलांडून वेल्स लागलं तेव्हा विमलाबाई गुणगुणत होत्या.

टेन्बीला पोचल्या तेव्हा ऊन कलतं होतं आणि ओहोटीने वाळू लांबवर उघडी पडली होती. विमलाबाईंनी समुद्राकडे तोंड करून गाडी लावली, तेवढ्यात प्रबुद्धचा व्हिडिओ कॉल आला.

"जय भीम, आई! ताई नीट चालवते नं?"

"जय भीम. गाडी मी आणली."

"काय? रीडिंगपासून?"

"हो, रीडिंगपासून. आणि ऐक, मी येईन त्या दिवशी माझ्या गाडीची किल्ली दारामागच्या खिळ्याला पाहिजे मला. तुला गाडी लागली तर मला विचारत जा."

विमलाबाईंनी फोन ठेवला, आणि हिरव्या गाडीची किल्लीही लेकीकडे न बघता आपल्याच पर्समध्ये टाकली.